इमॅजिकाला जायचंय, पण किती पैशांत?

मुलांच्या वर्गातलं कोणीतरी खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कला जाऊन येतं आणि मग आपल्या घरातही तो विषय निघतो. पुढचं बहुतेक घरांत ठरलेलं असतं. कोणीतरी मोबाईल काढतं, तिकिटाचा दर बघतं, त्याला चारने गुणतं आणि ‘बापरे’ म्हणतं. मग विषय तिथेच संपतो, नाहीतर ‘जाऊ दे, शेवटी मुलांसाठीच तर कमावतो’ म्हणत त्याच रात्री बुकिंग होतं. दोन्ही निर्णय अर्धवट आकड्यावर घेतलेले असतात. तिकीट हा या सहलीचा निम्मा खर्चही नसतो. शिवाय किती खर्च करायचा हे पार्कच्या वेबसाइटवर ठरत नाही, ते आधी घरच्या वहीत ठरवायचं आणि मग त्या आकड्यात सहल बसवायची.

आमच्या पिढीच्या डोक्यात आणखी एक घोळ असतो. थीम पार्क म्हटलं की १९८९ साली सुरू झालेलं गोराईचं एस्सेलवर्ल्ड आठवतं, आणि आठवतात ते तेव्हाचे दर. ते पार्क २०२२ पासून बंद आहे आणि ते दरही परत येणार नाहीत. एप्रिल २०१३ मध्ये खोपोली–पाली रस्त्यावर सुरू झालेलं इमॅजिका हा वेगळ्याच आकाराचा आणि वेगळ्याच खर्चाचा मामला आहे. तेव्हा ‘आमच्या वेळी इतक्यात व्हायचं’ हे बाजूला ठेवूनच हिशेबाला बसा.

१. आधी घरातला आकडा

महिन्याचा पगार हातात आल्यावर घराचा हप्ता, शाळा-क्लास, किराणा, विमा, एसआयपी, आईवडिलांची औषधं हे सगळं गेल्यावर काय उरतं ते लिहा. अंदाजाने नको, मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढून लिहा. ‘साधारण दहा हजार उरतात’ असं म्हणणाऱ्या घरात प्रत्यक्षात चार-पाचच उरलेले निघतात. बाकीचे यूपीआयवर शंभर-दोनशे करत गेलेले असतात.

माझा ठोकताळा असा, की एका दिवसाच्या सहलीवर तीन महिन्यांच्या शिलकीपेक्षा जास्त खर्च करू नये. महिन्याला पाच हजार उरत असतील तर पंधरा हजार ही वरची मर्यादा. एका दिवसासाठी चार-पाच महिने पैसे साठवावे लागत असतील, तर एकतर दिवस स्वस्त करा, नाहीतर सहल पुढे ढकला. एसआयपी एक महिना थांबवून किंवा क्रेडिट कार्डावर हप्ते पाडून जाऊ नका. पाळण्यातून उतरल्यावर सहा महिने त्याचा हप्ता भरण्यात काही मजा नाही.

आता महिना बघा. बहुतेकांना मे सुचतो, कारण मुलांना सुट्टी असते. पण मे महिन्यात लग्नसराई असते, आहेर असतात, गावाला जाणं असतं. लगेच जूनमध्ये शाळेची फी, पुस्तकं, गणवेश, दप्तर, रेनकोट समोर उभं राहतं. शिवाय कोकणपट्टीचं ऊन आणि सगळ्या महाराष्ट्राची गर्दी. म्हणजे खिसा सर्वांत हलका असताना सर्वांत महागडा आणि सर्वांत कमी राइड्स देणारा दिवस आपण निवडतो. दिवाळीच्या सुट्टीतही तीच गत. त्यापेक्षा डिसेंबर ते फेब्रुवारीतला एखादा मंगळवार-बुधवार बघा. मुलांची एक दिवस शाळा बुडेल. चाचणी परीक्षा नसेल तर खुशाल बुडू द्या.

जून ते सप्टेंबर दर उतरलेले दिसतात आणि हवा छान असते, पण खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे, तिथला पाऊस रिमझिम नसतो. जोराच्या सरीत किंवा विजा चमकत असताना उघड्यावरच्या मोठ्या राइड्स थांबवतात. घरातल्यांना मुख्य ओढ रोलर कोस्टरची असेल तर पावसाळ्यातलं स्वस्त तिकीट महाग पडतं.

२. कोण येणार, आणि कोण बसणार

माझ्या मते सगळ्या हिशेबातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि हीच बहुतेक जण गाळतात. मोजपट्टी घ्या, मुलांना दाराच्या चौकटीला टेकवून उभं करा आणि उंची लिहून ठेवा. अशा पार्कांत लहान मुलांचं तिकीट बऱ्याचदा वयावर नसतं, उंचीवर असतं. अगदी चिमुरड्यांना मोफत प्रवेश, एका ठरावीक उंचीपर्यंत बालतिकीट, त्यापुढे पूर्ण तिकीट. नऊ वर्षांचं पण अंगापिंडाने उंच मूल पूर्ण तिकिटात जाऊ शकतं. बुकिंगच्या पानावर त्या दिवशी जी मर्यादा दिली असेल ती बघा आणि आपल्या आकड्याशी ताडून घ्या.

उंचीचा दुसरा हिशेब राइडच्या दारात होतो. नायट्रो, स्क्रीम मशीन, डेअर ड्रॉप अशा दांडग्या राइड्सना किमान उंचीची अट असते. दाराशी मापाची पट्टी असते. पोरगं टाचा उचलून उभं राहतं, तिथला कर्मचारी हसत त्याच्या खांद्यावर हात ठेवून टाचा खाली टेकवायला लावतो आणि नकारार्थी मान हलवतो. पोराचा चेहरा पडतो, आणि मग आई किंवा बाबा यांपैकी एकाला त्याच्याबरोबर बाहेर थांबावं लागतं. म्हणजे एका छोट्या मुलामुळे एका मोठ्याचं तिकीटही अर्धं वाया जातं.

म्हणून प्रत्येक राइडची उंचीची अट वेबसाइटवर बघून घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे तो खरोखर किती राइड्समध्ये बसेल ते लिहा. ‘आई, मला नायट्रोत घेतील ना?’ या प्रश्नाचं उत्तर घरीच द्या. उत्तर ‘नाही’ असेल आणि मुलाचा जीव नायट्रोतच अडकला असेल, तर सहल वर्षभर पुढे ढकलणं हाच सर्वांत चांगला सौदा. तेच पैसे पुढच्या वर्षी दुप्पट वसूल होतील.

तीन-चार वर्षांचं मूल हे एकच कारण असेल तर मी स्पष्ट सांगेन, जाऊ नका. त्याला पाळणा, घसरगुंडी आणि हत्ती पुरतो. गावच्या जत्रेतला आकाशपाळणा आहे, मुंबईकरांना राणीची बाग आहे, पुणेकरांना कात्रजचं प्राणिसंग्रहालय आहे. (दोन्ही बुधवारी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा.)

आजी-आजोबांचं काय? इथे घरोघरी एक अवघड संवाद होतो. सून म्हणते, ‘आई, तुम्ही पण चला ना,’ आणि सासूबाई म्हणतात, ‘मी काय करू तिथे? तुमच्या पिशव्या सांभाळीन.’ तसंच होणार असेल तर पूर्ण दिवस उन्हात बाकावर बसवण्यासाठी त्यांचं तिकीट काढणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे. पण आत नुसते धडकी भरवणारे पाळणेच नाहीत. अलीबाबाची गोष्ट, मिस्टर इंडिया, भारतदर्शन घडवणारं ‘आय फॉर इंडिया’ अशा छपराखालच्या, पडद्यावरच्या गोष्टीही आहेत. बीपी, पाठ, गुडघे, मोतीबिंदूचं ऑपरेशन हे सगळं विचारात घेऊन आणि राइडच्या सूचना वाचून पाच-सहा जागा त्यांच्याजोग्या निघत असतील तर जरूर न्या. ज्येष्ठांसाठी सवलतीचं तिकीट असलं तर आधार कार्ड बरोबर ठेवा. नाही निघाल्या, तर त्या तिकिटाच्या पैशांत परतीच्या वाटेवर सगळ्यांनी मिळून चांगलं जेवा. आजींना तेच जास्त आवडेल.

३. आता खरा आकडा मांडा

चौघांचं घर धरू: आई, बाबा, तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा. पुण्यात कोथरूडहून स्वतःची गाडी. तिकिटाचे दर दिवसागणिक बदलतात, म्हणून मी खाली हिशेबापुरते आकडे धरतोय. तुम्ही तिथे तुमच्या तारखेचे टाका.

मोठ्यांचं तिकीट कर धरून १,६०० आणि बालतिकीट १,२०० मानलं तर तीन मोठी आणि एक लहान मिळून ६,०००. दर बघताना १८ टक्के जीएसटी त्यात धरलेला आहे की शेवटच्या पानावर वाढणार आहे ते बघा. ६,००० वर तो वेगळा लागला तर १,०८० रुपये वाढतात, म्हणजे चौघांचा नाश्ताच गेला.

पुण्याहून जाऊन-येऊन साधारण १८० किलोमीटर. गाडी लिटरला १५ देत असेल तर १२ लिटर पेट्रोल, १,२५० च्या आसपास. द्रुतगती मार्गावर मोटारीचा पूर्ण अंतराचा एका बाजूचा टोल एप्रिल २०२३ मध्ये ३२० रुपये झाला. तुम्ही खोपोलीलाच उतरणार, म्हणजे तेवढा लागायला नको, तरी दोन्ही वेळचे ६५० धरून ठेवा. पार्किंग १५० धरा. प्रवास झाला २,०५० चा.

खाणं: सकाळचं घरून. दुपारचं जेवण माणशी ४५० धरून १,८००. संध्याकाळचं वडापाव-आइस्क्रीम-पाणी ७००. परतीचं जेवण १,२००. एकूण ३,७००.

लॉकर, राइडवरचा फोटो असल्या किरकोळ गोष्टींना ५००, आणि मुलांच्या हातखर्चाला दोघांना मिळून ६००.

बेरीज १२,८५०. त्यावर दहा टक्के अडीअडचणीला ठेवले की १४,१०० च्या पुढे. तिकिटं होती ६,००० ची. म्हणजे स्वतःच्या गाडीने एका दिवसात जाऊन येणाऱ्या घराने तिकिटांच्या रकमेची सव्वादोन ते अडीचपट धरावी. हा गुणाकार लक्षात ठेवला की मोबाईलवर दर बघतानाच पूर्ण आकडा कळतो, आणि तो पहिल्या पायरीतल्या मर्यादेत बसतो का तेही.

मुंबई-ठाणे-डोंबिवलीकरांना एक स्वस्त वाट आहे. मध्य रेल्वेची खोपोली लोकल. गाड्या कमी आहेत, वेळापत्रक बघूनच निघावं लागतं, आणि स्टेशनवरून पुढे रिक्षा करावी लागते. जाण्याचं-येण्याचं रिक्षाभाडं आधी ठरवून घ्या, कारण संध्याकाळी सगळे एकदमच बाहेर पडतात. मुलं दहाच्या पुढची असतील तर ही वाट उत्तम. तान्हं मूल आणि तीन पिशव्या असतील तर गाडीच बरी.

४. पोटाचा प्रश्न

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, हे धरूनच चला. तान्ह्यांचं खाणं आणि औषधं यांचं काय, ते आधी फोन करून विचारा. म्हणून खाण्याचा खर्च कमी होतो तो दारात पोचण्याआधी. सकाळी सहाला निघायचं असेल तर रात्रीच दशम्या किंवा थालीपिठं करून ठेवा, सोबत दही, चटणी आणि थर्मासमधला चहा. द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलमध्ये चौघं उतरली की पाचशेची नोट मोडतेच, आणि मुलांना तिथे भूक लागलेलीही नसते, नुसतं रंगीत काहीतरी दिसलेलं असतं. थोडी थालीपिठं गाडीत राहू द्या. परतताना सात वाजता त्यांना जी चव येते ती दुपारच्या महागड्या जेवणाला नसते, आणि परतीच्या जेवणाचे १,२०० वाचले तर वाचले.

तिकिटाबरोबर जेवण असा एकत्र दर दिसला की भुरळ पडते. तो चौघांसाठी घेण्याआधी बघा, आठ वर्षांचा मुलगा पूर्ण थाळी खातो का? बहुधा नाही. मोठ्या तिघांचं जेवणासकट घ्या, लहान्याला त्यातलंच द्या किंवा त्याला हवं ते वेगळं घ्या. रिकाम्या बाटल्या बरोबर ठेवा आणि आत पिण्याच्या पाण्याची सोय कुठे आहे ते पहिल्या तासातच हेरून ठेवा. उन्हाच्या दिवशी बाटलीबंद पाण्यावर गेलेले पैसे संध्याकाळी मोजले तर डोळे फिरतात.

५. राहायचं की परतायचं

खर्च एकदम दीडपट-दुप्पट होतो तो इथे. पुणे-मुंबईकरांनी एका दिवसासाठी राहण्याचं मनात आणू नये असं माझं मत आहे. सकाळी लवकर निघा, बंद होईपर्यंत थांबा, घरी येऊन झोपा. कोल्हापूरहून मात्र अंतर तीनशे किलोमीटरांच्या वर जातं. रात्रभर गाडी मारून सकाळी पार्क आणि पुन्हा रात्रभर परत, असं करून तीन हजार वाचवू नका. दिवसभर उन्हात चाललेला ड्रायव्हर रात्री गाडी चालवत असतो, आणि तो बहुधा मुलांचा बाबाच असतो.

राहायचं असेल तर पार्कला लागून मोठं हॉटेल आहे, खोपोलीत साधी लॉजेस आहेत आणि घाट चढला की लोणावळा आहे. खोलीचा दर बघताना कराची एक पायरी लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. शंभर रुपयांच्या फरकाने जवळपास अकराशेची उडी. त्या काठावरचा दर दिसला तर दुसरी तारीख बघा किंवा नाश्ता वगळून दर विचारा.

राहायचं ठरलंच तर दुसऱ्या दिवशी तिथलंच वॉटर पार्क जोडणं परवडतं, कारण प्रवासाचा खर्च झालेलाच असतो. एकाच दिवशी दोन्ही पार्क करायचा हट्ट मात्र धरू नका, धड हेही होत नाही नि तेही होत नाही. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. ते तिथे भाड्याने घेण्याऐवजी आपल्या गावातूनच घेऊन जा, पुढे पोहायच्या क्लासलाही येतील.

नांदेड, नागपूरकडच्यांनी आणखी एक हिशेब करावा. खोपोलीपेक्षा हैदराबाद जवळ पडतं, तिथे २०१६ पासून वंडरला हे थीम पार्क आहे, आणि दुसऱ्या दिवशी रामोजी फिल्म सिटी होऊ शकते. ‘महाराष्ट्रातलंच’ म्हणून उगाच जास्त लांब जाण्यात हशील नाही.

६. रांग टाळणारं तिकीट

जास्तीचे पैसे भरून रांग टाळता येते. गर्दीच्या रविवारी ते घेण्याचा मोह होतो, आणि तिथेच थांबून उलटा विचार करावा. ते तिकीट चौघांना घ्यावं लागतं, एकट्याला घेऊन उपयोग नाही. त्याच रकमेत कामाच्या दिवशी एक रजा टाकून गेलात तर मूळ तिकीटही बहुधा कमी दरात मिळतं आणि रांगाही लहान असतात. रजा अजिबात मिळत नसेल, रविवारच हातात असेल आणि मुलं मोठ्या राइड्सच्या उंचीची असतील, तरच त्यावर खर्च करा. छोट्या मुलांसाठी तर मुळीच नको. त्यांच्या राइड्सना तशीही मोठी रांग नसते.

७. मुलांच्या हातात पाकीट द्या

गाडीत बसतानाच दोघांना तीनशे-तीनशे रुपये रोख द्या आणि सांगा, खेळणं, टोपी, कॉटन कँडी, जे घ्यायचं ते यातूनच. उरले तर तुमचे. दिवसभराचं ‘बाबा, ते घ्या ना’ एकदम थांबतं. राइडच्या बाहेर पडद्यावर आपले किंचाळणारे चेहरे दाखवून फोटो विकतात. तिथे अख्ख्या घराचा मिळून एकच फोटो घ्यायचा, आणि तो कुठला ते मुलांनी ठरवायचं. मुलगी तेराची असेल तर ती नक्की तुमचा डोळे मिटलेला फोटो निवडेल.

८. आकडा बसत नसेल तर काय कापायचं

सगळ्यात आधी मुक्काम कापा. मग रांगेचं तिकीट. मग परतीचं बाहेरचं जेवण. मग रविवार सोडून कामाचा दिवस घ्या. एवढं करूनही बसत नसेल तर सहल पुढच्या हंगामात ढकला. मुलांचा हातखर्च आणि दहा टक्के राखीव मात्र कापू नका. राखीव रक्कम पंक्चरला, तापाच्या गोळीला, हरवलेल्या चपलेला लागतेच. सख्ख्या-चुलतांची दोन घरं एकत्र येऊन एक मोठी गाडी ठरवली तर प्रवासाचा खर्च चांगलाच खाली येतो, फक्त कोणी किती भरायचे ते निघण्याआधी बोलून घ्या. ‘नंतर बघू’ म्हटलं की ते पैसे गेले.

९. बुकिंग करताना

पार्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘एकावर एक मोफत’च्या दुव्यावर कार्डाचा नंबर टाकू नका. पैसे भरण्याआधी तारीख बदलता येते का ते वाचा. मुलं आदल्या रात्री तापतात, हे सांगायला नको. थोडं महाग पण तारीख बदलता येणारं तिकीट मी नेहमी पसंत करेन. वर्षभराचा पास खोपोलीच्या आसपास राहणाऱ्यांनाच परवडतो. बाकीच्यांचा दुसऱ्या वेळेचा उत्साह टोलनाक्यावरच संपतो.

निघायच्या दोन दिवस आधी पार्कला फोन करून देखभालीसाठी कुठली राइड बंद आहे ते विचारा. ज्या एका राइडसाठी पोरगी महिनाभर नाचते आहे तीच बंद असेल तर तारीख बदला. आदल्या रात्री फास्टॅगमध्ये पैसे टाका, टायरमधली हवा बघा, आणि मुलांची शाळेची ओळखपत्रं बॅगेत टाका.